भरतीची ओढवाट

‘कालवा’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी आपण घाटावर आहो की कोकणात, हे पाहून घेतलेले बरे. घाटावरच्या मनुष्यास तो ऐकताच उसाचा मळा आणि पाटाचे पाणी दिसू लागते. कोकणातल्या मनुष्यास खाडीच्या खडपांना चिकटलेली, कोयत्याने फोडून काढावी लागणारी कालवे आठवतात. आमच्या बहुतेक वाचकांच्या स्वयंपाकघरांत या दुसऱ्या जातीस प्रवेश नाही. तेव्हा त्यांच्या रुचीविषयी आम्ही मौन धरतो. या महिन्याच्या लेखास निमित्त झालेले पत्र मात्र पहिल्या प्रकारच्या कालव्याविषयी होते, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही दुसऱ्या प्रकारच्या प्रदेशात जाऊन पोहोचलो.

पत्र पुण्याच्या एका भगिनीचे आहे. त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त इंग्लंडात असतात. मागील वर्षी बाई तिकडे गेल्या असता मुलाने व सूनबाईंनी त्यांस एका जुन्या कालव्याच्या काठाने सायकलवरून नेले. वाट सपाट, एका हातास संथ पाणी, दुसऱ्या हातास झाडी, थोड्या थोड्या अंतरावर दगडी पूल. साठी उलटलेल्या या भगिनींनी दहा मैल सायकल चालविली आणि त्यांस दम म्हणून लागला नाही. आता नाताळात नातवंडे इकडे यावयाची आहेत. “अशी एखादी वाट आपल्या मुलखात आहे काय? असल्यास कोठे?” असा त्यांचा प्रश्न आहे.

मुळात ती वाट माणसांच्या सुखासाठी झालेली नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. आगगाडी येण्यापूर्वी कोळसा, चिनी माती, लोखंड यांसारखा जड माल गाडीरस्त्याने नेणे अतोनात खर्चाचे असे. १७६१ साली ब्रिजवॉटरच्या ड्यूकने आपल्या खाणींतील कोळसा मँचेस्टरकडे नेण्यासाठी कालवा खणविला आणि त्या शहरातील कोळसा पुष्कळच स्वस्त झाला. ते पाहून देशभर कालव्यांचे जाळे पसरले. कालव्याच्या पाण्यास ओघ जवळजवळ नसतो आणि अरुंद पात्रात शिडाचाही उपयोग नाही. म्हणून काठाने घोडा चालावयाचा आणि त्याने दोराने नाव ओढावयाची. एकच घोडा अशा रीतीने सुमारे तीस टन माल नेऊ शके. तोच घोडा रस्त्यावर गाडीस जुंपला तर एक-दोन टनांत थकून जाई. घोड्यासाठी केलेली, म्हणून ती वाट सपाट. दोर अडकू नये, म्हणून पाण्याच्या बाजूस झाडझुडूप नाही. पूल आला तरी वाट त्याच्या पोटाखालून तशीच पुढे निघते. पुढे माल आगगाडीने व मोटारीने जाऊ लागला, घोडे तबेल्यांतून नाहीसे झाले, आणि वाट तेवढी राहिली. तिला आपल्याकडे रूढ शब्द नाही. या लेखापुरते आम्ही तिला ओढवाट म्हणू.

आपल्याकडे शब्द का नाही, याचे उत्तर सरळ आहे. देशावरील कालवे शेतीसाठी झाले. खडकवासल्याहून निघालेला मुठेचा उजवा कालवा पुण्याच्या अंगावरून पुढे जातो. त्याच्या काठाने पुणेकर फिरावयास जातात हे खरे; परंतु त्या पाण्याचे काम पिकास व माणसास पाणी पोहोचविणे एवढेच. नीरेच्या कालव्यांचीही तीच कथा. उत्तरेत १८५४ साली गंगेचा कालवा सुरू झाला तेव्हा त्यातून नावाही चालाव्यात अशी तजवीज होती. महाराष्ट्रात तसे घडले नाही. तेव्हा पत्र लिहिणाऱ्या भगिनींस ‘नाही’ असे एका शब्दात कळवून आम्हांस मोकळे होता आले असते.

पण मग कोकणचा माल कशावरून जात होता? घोडा नाही, ओढवाट नाही, आणि तरीही शेकडो वर्षे मिरे, वेलदोडे, कापड, तांदूळ, नारळ, मीठ हे सर्व समुद्रापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत आणि पायथ्यापासून समुद्रापर्यंत येत जात होतेच. ते खाडीवरून जात होते, आणि ओढण्याचे काम भरती-ओहोटी करीत होती. भरती लागली की मचवे वर चढावयाचे. ओहोटी लागली की माल भरून खाली उतरावयाचे. मध्यंतरी पाणी फिरले तर नांगर टाकून, पान जमवीत बसावयाचे. वल्हे व शीड हातास होतेच, परंतु मुख्य ओढ चंद्राची. त्या ओढीस काठाने वाट लागत नाही, म्हणून कोकणात कोणी ती बांधली नाही.

ही गोष्ट एकदा ध्यानात आली की कोकणचा नकाशा निराळाच दिसू लागतो. महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर ही जुन्या बाजारपेठांची गावे समुद्रकाठी नाहीत. ती समुद्रापासून बरीच आत आहेत. सर्व एकाच प्रकारच्या ठिकाणी वसलेली आहेत. जेथवर भरतीचे पाणी नाव घेऊन येई तेथे पेठ वसली. आणि तेथूनच बैलांचे तांडे घाट चढू लागत. राजापुराचा घाट अणुस्कुऱ्याचा. त्या घाटाने पन्हाळा-कोल्हापूरकडील माल खाली उतरे. एका बाजूस बैलाची पाठ आणि दुसऱ्या बाजूस नावेचा तळ, यांची गाठ ज्या दगडी धक्क्यावर पडे, तो राजापूरचा बंदरधक्का.

राजापूर म्हटले की वाचकांस गंगा आठवेल. ती साधारणपणे तीन वर्षांनी येते, चौदा कुंडे भरतात, आणि उन्हाळ्याचे झरे जवळच आहेत. तिच्यावर पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. आज तिला दुरून नमस्कार करून आम्ही खाडीकडे वळतो.

इंग्रजांनी येथे वखार घातली ती १६४९ च्या सुमारास, आदिलशाही अमलात. समुद्र खाडीच्या वळणांनी सुमारे पंधरा मैल दूर, त्यामुळे वादळाचे व चाच्यांचे भय कमी, आणि घाटाचा माल दारात. व्यापाऱ्यास याहून सोयीची जागा कोणती? तीच जागा अडचणीचीही ठरली. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरास तोफगोळे पुरविले, आणि स्वतः हजर राहून आपले निशाणही फडकाविले. शिवाजी महाराजांनी हा हिशेब विसरला नाही. १६६१ च्या मार्चमध्ये मराठ्यांची फौज डोंगराच्या बाजूने राजापुरावर उतरली. जहाजाने पळावे तर भरतीची वेळ हवी आणि पंधरा मैलांची वळणे हवीत. वखार लुटली गेली, हेन्री रेव्हिंग्टन व त्याचे सोबती कैद झाले, आणि त्यांतले काहीजण १६६३ पर्यंत सुटले नाहीत. शाळेच्या पुस्तकांत ही हकिकत एका ओळीत येते. ती ओळ या खाडीच्या काठी उभे राहून वाचली म्हणजे इंग्रज सापडले कसे, हे चटकन समजते.

आता सायकलीचा वृत्तान्त.

आमचे एक स्नेही राजापूरचे राहणारे आहेत. घर जुने, चौसोपी, तीन भावांचा संसार अजून एका चुलीवर चालतो. तेथे आम्ही मार्गशीर्षात जाऊन उतरलो. खाडीच्या काठाकाठाने सायकलवरून नाट्यापर्यंत जावयाचे आणि परत यावयाचे असा बेत कानावर पडताच स्नेह्यांच्या मातोश्रींनी पंचांग मागविले. आम्हांस वाटले, प्रस्थानास चांगला मुहूर्त पाहत आहेत. त्या म्हणाल्या, “मुहूर्त कसला हो! पाणी कधी आहे ते पाहत्ये. उद्या पंचमी. पाचाची पाऊणपट पावणेचार. पहाटे पावणेचारला भरती पुरी होईल, दहाच्या सुमारास सुकती, दुपारी पुन्हा पावणेचारला भरती. सहा-साडेसहास निघालात तर पाण्याबरोबर खाली जाल, आणि दुपारी पाण्याबरोबर वर याल.”

हा हिशेब आमच्या घाटावरच्या वाचकांनी टिपून ठेवावा. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ साधारणपणे निघते. पौर्णिमेस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, अष्टमीस सहा. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकापासून मोजावयाचे. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते आणि तिथी रोज एकाने वाढते, त्यातून हा सुटसुटीत पाढा झाला आहे. हा काळ खाडीच्या मुखाजवळचा. पाणी आत शिरावयास आणखी वेळ घेते. ज्या घरात पंचांग आहे त्या घरात भरतीचे वेळापत्रकही आहे, ही गोष्ट इतकी वर्षे पंचांग पाहूनही आमच्या ध्यानात आली नव्हती. आणि घाटावर राहणाऱ्यास तिचे कारणही पडत नाही.

मंडळी तीन: आम्ही, स्नेही आणि त्यांची दहावीत शिकणारी पुतणी. पुतणीची सायकल दात्यांच्या अनेक चक्रांची, चढावर हलकी होणारी. आमची साधी. आजींनी घावने खाऊ घातले, थालीपिठे व लोणचे बांधून दिले, आमसुलाच्या सरबताची बाटली पिशवीत घातली आणि नातीस बजावले, “पाण्याच्या अगदी कडेस जाऊ नकोस गो, रेंदा असतो, पाय रुतेल.” रेंदा म्हणजे खाडीचा मऊ चिखल, शब्द ऐकूनच पाय आत गेल्यासारखा वाटतो.

प्रथम धक्क्यावर गेलो. गल्ल्या अरुंद व उताराच्या. सायकल हातात धरून उतरणेच शहाणपणाचे. धक्क्याशी उभे राहून पुतणीने पात्राकडे पाहिले आणि विचारले, “काका, एवढ्याशा पाण्यात जहाज यायचे कसे?”

प्रश्न रास्त होता. समोर गाळ आणि गोटे. पाणी त्यांतून वाट काढीत चाललेले. तिच्या काकांनी सांगितले ते असे: १८८० साली सरकारने जिल्ह्याचा गॅझेटियर छापला, तेव्हाही राजापूर हे रत्नागिरी जिल्ह्यातील असे एकच बंदर होते की जेथे अरबांची गलबते थेट येत. परंतु मोठे गलबत त्या काळीच जुन्या दगडी धक्क्यापर्यंत पोहोचत नसे. तीन मैल अलीकडेच थांबे, आणि तेथून माल लहान होड्यांनी आणावा लागे. इंग्रजांची वखार त्या वेळी सरकारी कचेरी झालेली होती. म्हणजे आमच्या पणजोबांच्या काळातच धक्क्यावरून जहाज दिसेनासे झाले होते.

असे का व्हावे, हे पुढच्या वाटेने आम्हांस चांगले समजावून दिले. राजापूर गावात अर्जुना व कोदवली या दोन नद्या मिळतात. दोन्ही आखूड. सह्याद्रीच्या अंगावरून धावत येतात, आणि वर्षाचा सारा पाऊस चार महिन्यांत कोसळतो. डोंगरावरची झाडी जितकी तुटेल तितकी माती सुटते. उतार आहे तोवर नदी ती माती, रेती, गोटे सर्व काही वाहते. भरतीच्या पातळीस येताच उतार संपतो, पाण्याचा जोर मोडतो आणि ओझे तेथेच खाली पडते. गोटे प्रथम, मग रेती. सर्वांत बारीक माती आणखी पुढे जाते. परंतु गोड्या पाण्यातून खाऱ्यात शिरताच तिचे कण एकमेकांस चिकटतात, जड होतात आणि तळास बसतात. भरती पुरी होऊन ओहोटी लागण्यापूर्वी पाणी क्षणभर स्तब्ध राहते, तेव्हा तर त्यांस बसावयास निवांत जागाच मिळते. ज्या जागी पेठ वसली ती जागाच गाळ टाकण्याची. व्यापाऱ्याने व नदीने एकच ठिकाण पसंत केले, आणि नदीस घाई नव्हती.

त्याच कारणाने या पेठा बुडतातही. वरून नदीचा लोंढा, खालून भरती, आणि मध्ये गाळाने उथळ झालेले पात्र, असे तिन्ही योग जुळले की पाण्यास गावाखेरीज जागा उरत नाही. २२ जुलै १९२१ नव्हे, २०२१ चे चिपळूण वाचक विसरले नसतील. तो काही जुन्या काळचा वृत्तान्त नाही. राजापुरात जवाहर चौकात पाणी आले ही बातमी तर पावसाळ्यात इतकी नेमाने येते की परगावचे लोक ती वाचीनासे झाले आहेत. दुकानदार मात्र फळीवरचा माल वरच्या फळीवर ठेवतात.

गाव मागे पडला आणि नाट्याकडचा रस्ता लागला. येथे पुण्याच्या भगिनींस एक गोष्ट स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे: इंग्लंडातील सपाटी येथे नाही. खाडीच्या काठाने सलग वाट नाहीच. रस्ता पाण्याजवळ येतो, मग एकदम चढून सड्यावर जातो. सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा. काळसर जांभ्या दगडाचा, झाडावाचूनचा, पावसाळ्यात मखमली हिरवा आणि मार्गशीर्षात पिवळ्या सुकलेल्या गवताचा. त्यावर आले की आकाश फार मोठे वाटते. खाली वाकून पाहिले तर खाडी वळणे घेत चाललेली, आणि तिच्या दोन्ही अंगांस तिवरांची गर्द हिरवी किनार. मग उतार, आंब्या-काजूची कलमे, चिऱ्याच्या भिंतीची घरे, एखादी विहीर, आणि पुन्हा पाण्याशी भेट. चढावर आम्ही उतरून चालत होतो. पुतणी चक्रे बदलीत पुढे जाई आणि वरती सावलीत आमची वाट पाहत बसे. तिने एकदाही थट्टा केली नाही, ही तिच्या आजीची शिकवण.

चिऱ्याच्या खाणींतून भरलेले ट्रक या रस्त्यास असतात. वळणावर त्यांस आधी जाऊ द्यावे.

पाण्याशी झालेली प्रत्येक भेट निराळी होती, कारण आम्ही खाली जात होतो तसे पाणीही खाली चालले होते. प्रथम थांबलो तेव्हा तिवरांची बुडे नुकती उघडी होत होती. पुढच्या वळणावर तीच बुडे चिखलातून वर आलेल्या असंख्य मुळांच्या बोटांसह दिसू लागली. ही बोटे म्हणजे तिवरांची नाके. चिखलात हवा नसते, म्हणून ती मुळे वर येऊन श्वास घेतात. तिसऱ्या ठिकाणी तर चिखलाचे मोठे पठार उघडे पडले होते आणि त्यावर लहान खेकड्यांची लगबग सुरू होती. बगळे अंतर राखून उभे. एक खंड्या तारेवरून सुटला, निळी रेघ ओढावी तसा पाण्यावर गेला आणि चोचीत काहीतरी घेऊन परतला. एक होडी काठाशी कलती होऊन चिखलात बसली होती. तिचा मालक दोर वळीत होता. पाणी केव्हा येईल असे विचारता त्याने मान वर न करता दुपार असे उत्तर दिले. त्यासही घाई नव्हती.

दहाच्या पुढे नाट्यास पोहोचलो. येथे खाडी रुंद होते व समुद्राचा वारा लागतो. यशवंतगडाचे जांभ्याचे बुरूज खाडीवर नजर ठेवून आहेत; तटातून वाढलेल्या झाडांनी जे केले ते शत्रूंस करता आले नसते. समोरच्या अंगास जैतापूर. आता मध्ये पूल झालेला आहे. राजापुरापर्यंत मोठी गलबते जाईनात तेव्हा व्यापार खाली मुखाकडे सरकला. मुंबईची आगबोट मुसाकाजी बंदरात थांबे आणि उतारू तेथून होड्यांनी इकडे-तिकडे जात, ही आठवण स्नेह्यांच्या घरात अजून सांगतात. आगबोटी बंद झाल्या. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली. माणसे आता समुद्राकडे पाठ करून येतात. साखरी नाट्याचे बंदर मात्र जागते आहे, तेथे मासेमारीच्या होड्यांची दाटी असते. पलीकडे माडबनच्या सड्यावर अणुवीजकेंद्र योजिलेले आहे आणि त्यावरून वर्षानुवर्षे वाद चालू आहे. त्या वादात या पानाने पडू नये, असा आमचा नेम आहे. खाडीच्या दोन्ही काठांचे लोक तो समर्थपणे चालवीत आहेत.

थालीपिठे खाऊन, एका आंब्याच्या सावलीत घटकाभर पडून आम्ही एकच्या सुमारास परत निघालो. आता पाणीही परत निघाले होते. सकाळी जेथे खेकडे पाहिले तेथे पाण्याचा पातळ पदर चिखलावर सरकत होता. त्यास आवाज नव्हता. पुतणीने काठावर एक काडी खोचली आणि घड्याळ पाहत बसली; दहा मिनिटांत काडीचे बूड भिजले. कलती बसलेली होडी पुढे सरळ उभी दिसली, आणि आणखी थोड्या वेळाने ती व तिचा मालक दोघेही तेथे नव्हते. वरच्या अंगास एका वळणावर ती होडी आम्हांस पुन्हा दिसली. मालकाने वल्हे आडवे ठेवले होते आणि तो नुसता बसला होता. आम्ही घामाघूम होऊन चढ चढत होतो. तो खाडीच्या पाण्यावरून आमच्याइतक्याच वेगाने वर चालला होता. पुतणी म्हणाली, “यांना कोण ओढते आहे?” आणि स्वतःच हसली.

अमेरिकेत वॉशिंग्टनपासून कंबरलंडपर्यंत पोटोमॅक नदीच्या काठाने १८४ मैलांचा एक जुना कालवा आहे. १८२८ साली त्याचे काम सुरू झाले, खेचरे त्यावर नावा ओढीत, आणि १९२४ च्या पुरानंतर तो बंद पडला. पुढे त्या जागेवरून मोटाररस्ता न्यावा असा विचार निघाला व एका मोठ्या वृत्तपत्राने त्यास दुजोरा दिला. तेव्हा तेथील सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांस पत्र लिहून कळविले की, आधी माझ्याबरोबर ती वाट चालून पाहा. १९५४ च्या मार्चमध्ये ते खरोखरच चालावयास निघाले. संपादकही आले. बरेच लोक वाटेत गळाले, न्यायमूर्ती शेवटपर्यंत चालले. मोटाररस्त्याचा बेत मागे पडला आणि १९७१ साली ती जागा राष्ट्रीय उद्यान म्हणून राखली गेली. आज त्या वाटेने सायकली जातात.

राजापूरच्या खाडीस राखावयास अशी वाटच नाही, ही तिची अडचण आहे. वाट असती तर तिच्यावर कोणीतरी चालले असते, आणि चालणाऱ्याने पाण्याची अवस्था पाहिली असती. नावा होत्या तोवर खोल पाणी कोठे व उथळ कोठे, हे शेकडो माणसांस रोज ठाऊक असे, कारण त्यावर त्यांचे पोट होते. नावा गेल्यानंतर खाडीकडे पाहणारे फक्त मच्छीमार उरले, आणि पूर आला की चार दिवस बाकीचे. पुरानंतर गाळ काढण्याची मागणी होते व गाळ काढलाही जातो. तो काठावरच ढीग करून ठेवला तर पुढच्या मृगात पुन्हा पात्रातच उतरतो, हे सांगावयास तज्ज्ञ नको. वरच्या डोंगरावर झाडे उभी राहिली नाहीत तर कोणतेही यंत्र नदीच्या वेगास पुरे पडावयाचे नाही, हेही तितकेच उघड आहे.

आमच्या स्नेह्यांचे म्हणणे असे की, खाडीच्या काठाने फरसबंद वाट करावी, कठडे लावावेत, दिवे लावावेत. आमचे मत निराळे पडले. तिवरे तोडून केलेली वाट आम्हांस नको. ती तुटली की काठ धुपतो आणि गाळ आणखी वाढतो. गावागावांतून पाण्याकडे उतरणाऱ्या जुन्या पाखाड्या आहेत, पूर्वी तरीसाठी त्यांचा उपयोग होई. त्या साफ ठेवल्या, आणि धक्क्यावर एक साधा दगड रोवून कोणत्या साली पाणी कोठवर होते तेवढे कोरले, तरी पुरे. रात्री जेवताना यावर बराच वाद झाला. पंगतीत स्नेह्यांचे दोन्ही बंधू त्यांच्या बाजूस, पुतणी व तिची आजी आमच्या बाजूस. आजींचा मुद्दा दिव्यांच्या विजेच्या बिलाचा होता.

ज्यांस नाताळात जावयाचे आहे त्यांच्या सोयीसाठी चार शब्द. तृतीया ते षष्ठी या तिथी, मग त्या शुद्ध असोत वा वद्य, या फेरीस चांगल्या. सकाळी ओहोटीबरोबर जाता येते आणि दुपारी भरतीबरोबर परतता येते. महामार्गावर मुलांस सायकल घालू देऊ नये. राजापूर रोड हे स्टेशन गावापासून बरेच दूर आहे. तेथून गावापर्यंत सायकली टेम्पोत घालून आणाव्यात. जाण्यापूर्वी दोन्ही चाकांचे ब्रेक एखाद्या जाणत्याकडून तपासून घ्यावेत, कारण तांबड्या मातीच्या बारीक खड्यावर उतारास चाक घसरते. ज्या आजींस सपाटीची सवय आहे त्यांनी सायकल गावातच ठेवून, नाट्यापर्यंत एस. टी. ने जावे व तेथे नातवंडांची वाट पाहावी. पाणी भरपूर न्यावे. आमसुलाचे सरबत नेल्यास बाटलीचे बूच घट्ट लावावे.